डब्बा म्हणतो, परवानगी नाही

७ सप्टेंबर, रविवार. भाद्रपद पौर्णिमा

भुलाबाई मांडली, मातीची शंकर-पार्वतीची जोडी, आता कोजागिरीपर्यंत. भुलोजीच्या मिशा यंदा वाकड्या आल्या, पण चेहरा हसरा आहे. आवडला मले. ज्वारीचे धांडे रायपुरात कुठं मिळतात, सु.ने उसाचे आणले अन् मखर बांधून दिलं. (सु. म्हणजे सुधीर. पोटचा पोरगा आहे, पण रोज पूर्ण नाव लिहायले बोटं दुखतात. त्याची बायको वर्षा, ती व.) ग्रहण लागणार म्हणून सगळं दुपारच्या आत उरकलं.

कॉलनीतल्या पोट्ट्या आल्या. गाणी मराठीत म्हणतात, भांडतात हिंदीत. खाऊचा डब्बा मी कानापाशी धरून वाजवला, तर एक म्हणते, "आजी, सेव है क्या?" नाही. "मुरमुरे?" नाही. ओळखल्याबिगर झाकण उघडायचं नाही, हा भुलाबाईचा कायदा. खुर्मी होती. छत्तीसगढची खुर्मी भुलाबाईले चालते, मी केव्हाच ठरवून टाकलं.

मंजुळा नव्हती. ती अन् मी माहेरच्या एका गल्लीतल्या, दोघींचे नवरे रेल्वेत, दोघी लग्न होऊन इकडंच आलो. श्रावणात तिले लकवा मारला. उजवा हात गेला अन् बोलणं गेलं. एकच शब्द तोंडातून निघतो, "बरं". पाणी पाहिजे, तरी बरं. रागावली, तरी बरं. तिले बोलणं शिकवायले एक पोरगी येते, तिनं काल मले सांगितलं, "अम्मा, इनके अपने गाये हुए गाने हों तो सुनाओ. बोली से पहले कभी-कभी गाना लौटता है."

अशी आनंदली मी! आमच्याजवळ आहेत ना! दोन उन्हाळ्यांआधी आम्ही दोघींनी बसून भुलाबाईची सगळी गाणी टॅबमध्ये भरली होती. ती खालच्या सु.च्या ऑफिसातल्या डब्ब्यात जमा आहेत. ऑफिसवाले त्याले सर्वर म्हणतात. फळीवर बसते अन् हिरवा डोळा मिचकावते.

आता रात्री टॅब उघडला. फोल्डर दिसलं. बोट लावलं. पट्टी आली, आपको यह फ़ोल्डर खोलने की अनुमति नहीं है.

मले नाही तर कोणाले आहे?

८ सप्टेंबर, सोमवार

सु.ले सकाळी पोहे खाता खाता पकडला. त्याले उरल्याच्या कारखान्यांकडं जायची घाई, एका रोलिंग मिलचा रोल तुटला, त्याचं ड्रॉइंग पाहिजे. त्याचा धंदाच तो, मिलवाल्यांच्या मशिनीचे नकाशे काढून देणं.

"आई, ग्रहण लागलं तुझ्या गाण्याले. टॅब बंद करून चालू कर."

केला. परत तेच. परत बंद, परत चालू. मंग व. बसली. ती शाळेत शिकवते, तिच्यात दम आहे. तिनं समजावलं, डब्बा एकच आहे, पण त्यात खण आहेत. ऑफिसचे वेगळे, घरचे वेगळे. कोणता खण कोणी उघडायचा, कोणी नुसता पाहायचा, कोणी त्यात टाकायचं, हे डब्ब्याले सांगून ठेवलेलं असते. तुम्ही आत जाताना नाव सांगता, तो यादी पाहतो.

"मंग माझं नाव यादीत नाही का?"

"तेच तर समजून नाही राहिलं, आई. टॅबमध्ये तुमचं नाव बरोबर आहे. सुमन."

मी विचार केला, माझ्या सासूबाईच्या कंबरेले किल्ल्यांचा जुडगा होता, लोणच्याच्या कपाटाची किल्ली त्यांनी मले पोरगं झाल्यावर दिली. निदान त्या तोंडावर म्हणत, अजून नाही सुमन. हा डब्बा कारणच सांगत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

स्वतःच खाली गेली. ऑफिसच्या कम्प्युटरवर सु.ने स्वतःच्या नावानं आत जाऊन पाहिलं. तो मालक, त्याचा डब्बा, त्याची फळी. त्यालेही तीच पट्टी.

मले बरं वाटलं, खोटं कशाले लिहू. म्हटलं, चला, एकटी मीच उपरी नाही.

सु. वैतागला. "आई, राहू दे ना. मोबाईलवर भुलाबाईची ढीगभर गाणी भेटतात. लाव अन् ऐकव मावशीले."

"त्यात मंजुळेचा आवाज आहे का?"

"आवाज कोणाचाही असो, गाणी तर तीच."

म्हटलं, तुझ्या लग्नात कोणाचीही पोट्टी उभी केली असती तर चाललं असतं का, मंत्र तर तेच. व. तोंडाले पदर लावून हसली. (पदर कुठला, ओढणी.)

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तरी सु.च्या म्हणण्याची परीक्षा करून पाहिली. मोबाईलवरची गाणी घेऊन मंजुळेकडे गेली. पेटी, ढोलकी, बारीक आवाजाच्या बाया, सगळं गुळगुळीत. मंजुळेनं एक ऐकलं. दुसऱ्याले तोंड भिंतीकडे केलं.

"नाही आवडलं का मंजे?"

"बरं."

असं म्हणाली की मी मोबाईल थैलीत टाकला. तिची सून म्हणाली, शिकवणारी पोरगी म्हणून गेली की बोली यायची तर ह्याच महिन्या-दोन महिन्यांत जोर करावा लागते, मंग अवघड होत जाते.

मंजुळा असं बोलायची की रेल्वे कॉलनीतल्या बायका तिच्या भीतीनं नळावर रांग मोडत नव्हत्या. ती अशी भिंत पाहून राहिली.

रिक्षात ठरवून टाकलं. डब्बा उघडल्याबिगर मी काही सोडत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

साहू भैया आले. बीरगांवचे, ऑफिसचे कम्प्युटर तेच पाहतात. आधी त्यांनी तेच केलं जे आपण सगळ्यांनी केलं, बंद करून चालू. मी म्हटलं, "भैया, हे तर मले पण येते." हसले. मंग माझ्या फोल्डरवर उलटं बटण दाबलं, एक खिडकी उघडली, त्यात आणखी एक. मालक म्हणून जिथं नाव पाहिजे तिथं नावच नाही. नुसता लांबलचक आकडा.

"अम्मा, इसका मालिक तो है ही नहीं."

"म्हणजे?"

"जिसके नाम से फोल्डर बना, वो खाता मिटा दिया गया है. नाम चला गया, नंबर रह गया."

अन् फोल्डर असं बनवलं होतं की मालकाशिवाय कोणालेच उघडता येऊ नये. ते मात्र आम्हीच म्हटलं होतं. मंजुळा म्हणाली होती, आपण बेसूर झालो तर पोट्ट्यांनी ऐकू नये.

कोणी मिटवलं? साहू भैयानं सु.कडे पाहिलं. सु.ने छताकडे. उन्हाळ्यात सफाई केली होती म्हणे. काम सोडून गेलेल्यांची नावं काढून टाकली. सु. एक एक वाचत गेला, साहू भैया एक एक मिटवत गेले.

"कौन कौन था भैया?" मी विचारलं.

"गणेश था, पिंकी मैडम थी... और एक द्वारका."

मी खुर्चीवर बसली. "द्वारका तर मी आहे."

सु. म्हणते, "तू सुमन आहेस."

"लग्नात तुझ्या बापानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुमन लिहिलं. त्याच्या आधी मी द्वारकाच होती. कोणी पुसलं का मले, तुले कोणतं आवडते?"

"आई, मले वाटलं तो ड्राफ्टिंगवाला द्वारका प्रसाद. धमतरीचा. होता ना काही दिवस."

साहू भैया इतके हसले की चष्मा काढून पुसला. मी पण हसली. काय करू! पोटच्या पोरानं मले धमतरीचा माणूस समजून कामावरून काढलं.

व. शाळेतून आल्यावर तिले सांगितलं, तेव्हा तिले आठवलं. पहिला टॅब तिनंच लावून दिला होता. नाव काय ठेवू म्हटलं, तर मंजुळा बाजूलेच बसली होती, ती म्हणाली, द्वारका लिही, दुसऱ्या नावानं मी हिले कधी हाक मारली नाही. मंग तो टॅब माझ्याच्यानं पडला, काच फुटली. व. माहेरी होती, सु.ने नवीन आणला अन् आधार कार्ड पाहून सुमन लिहून दिलं. म्हणजे गाणी द्वारकेची अन् उघडायले गेली सुमन. डब्ब्याचं काही चुकलं नाही. ओळखीची नव्हती, नाही उघडलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज सगळे खूश. साहू भैयानं द्वारका नावाचं खातं परत बनवलं. मी पासवर्ड स्वतः टाकला. (इथं लिहीत नाही, व. रागावते.) बोट लावलं.

अनुमति नहीं है.

साहू भैयानं डोकं खाजवलं. मंग कुणाले तरी फोन लावला, हव, हव, हव करत राहिले. फोन ठेवून सांगितलं, "नाम वही है अम्मा, पर डब्बा नाम नहीं देखता, नंबर देखता है. ये नई द्वारका है. वो पुरानी वाली अब नहीं बनेगी."

हे मले आता रात्रभर पुरणार. सासरी आली तेव्हा नाव बदललं अन् बाई तीच राहिली. इथं नाव तेच ठेवलं तर बाई दुसरी झाली. दोन्हीकडून मीच बाहेर.

पण दोन्हीकडून मी आहे ना अजून. बघू.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उपाय आहे! सु. डब्ब्याचा मोठा अधिकारी बनून आत जाऊ शकते अन् मालकी आपल्या हातात घेऊन नव्या द्वारकेले देऊ शकते. इतकंच. पण करत नाही.

काहून करत नाही, ते त्यानं मले नीट बसून सांगितलं, म्हणून रागावली नाही. माझं फोल्डर घरच्या खणात नाही, ऑफिसच्या मोठ्या फोल्डरच्या पोटात आहे. त्याच पोटात साऱ्या मिलवाल्यांचे नकाशे. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या माणसाले दिसू नये म्हणून प्रत्येकाले वेगळं कुलूप. मालकी बदलताना एक चौकोन येते, खालच्या सगळ्यांना हेच लावा म्हणून. तो चुकून वरच्या फोल्डरवर लागला तर सगळी कुलपं एकसारखी. "आई, एकाचं दुसऱ्याले दिसलं तर उरल्यात मले कोणी दारात उभं करणार नाही." तर आधी सगळ्या डब्ब्याची कॉपी काढतो, मंग हात लावतो. कॉपी कधी? "वेळ भेटला की."

वेळ भेटला की! त्याच्या बाबाच्या तोंडून रिटायर होईपर्यंत ऐकलं हे मी.

म्हणून आज कापूस घेतला, पाट घेतला, अन् ऑफिसात त्याच्या टेबलासमोर खुर्ची टाकून वाती वळत बसली. नवरात्राच्या लागतातच.

उरल्याचे एक मिलवाले शेठ आले. "अम्मा, आप यहाँ कैसे?"

मी म्हटलं, "मालिकी के लिए बैठी हूँ."

"किसकी मालिकी?"

"जो मेरा है उसकी. बेटा बोलता है, पहले कॉपी निकालूँगा, फिर नाम करूँगा."

शेठचा चेहराच पडला. सु.ले बाहेर गाडीपाशी घेऊन गेले. काचेतून दिसत होतं, सु. हात हलवून हलवून सांगून राहिला अन् शेठ मान हलवून हलवून ऐकत नव्हते. नंतर सु. लाल होऊन आत आला. "आई! ते म्हणतात पितृपक्ष चालू आहे, माँ का दिल मत दुखा, मकान उसके नाम कर दे!"

मी वात वळली. "भला माणूस आहे."

कॉपी आज संध्याकाळीच लागली.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

पान वाढलं. वडे, खीर, कढी, ह्यांना आवडायची तशी आमसुलाची चटणी. कावळा लवकर आला. म्हटलं, द्वारका म्हणून हाक मारली असती एकदा, तर आज पोराले माहीत असतं. तांदळात लिहिलं अन् मोकळे झाले. पण लोणचं घालताना माझ्यापाशी बसून फोडी करायचे, तेही लिहून ठेवते. सगळं वाईटच कशाले लिहायचं.

खाली कॉपी अजून चालू आहे. पट्टी हळू हळू पुढं सरकते. मी दोनदा पाहून आली. व. म्हणते, पाहिल्यानं पळत नाही ते, आई.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले

घट बसवले अन् सु. खुद्द वर आला. "चल आई."

साहू भैया होते, व.नं शाळेले उशीर केला. सु.ने मोठा अधिकारी बनून माझ्या फोल्डरची मालकी घेतली. फक्त माझ्या. बोट कसं जपून ठेवत होता, जसा लहानपणी करंजी उचलायचा. मंग नाव विचारलं डब्ब्यानं. सु.ने लिहिलं द्वारका. फोल्डर उघडलं!

गाण्याले बोट लावलं. अनुमति नहीं है.

मले वाटलं आता मी डब्ब्याले फळीवरून खाली घेते अन् कानापाशी धरून वाजवते. साहू भैया म्हणाले, "दरवाजा खुला है अम्मा, अंदर की पेटियाँ बंद हैं." सु.ने भीतीनं तो खालच्या सगळ्यांचा चौकोन लावलाच नव्हता. आता साहू भैयानं तीनदा विचारलं, "भैया, आप अम्मा के ही फोल्डर में हो ना?" सु. म्हणे हो. व. म्हणे थांबा, मी वाचते. तिनं मोठ्यानं फोल्डरचं नाव वाचलं. मंग चौकोन लावला. आकडे धावले.

पहिलं गाणं. आधी खुरखुर. मंग मंजुळा.

"द्वारके, लाल टिपका आला का?"

अन् माझा आवाज, "आला, आला, म्हण." (आवाज भरणं सुरू झालं की टॅबवर लाल टिपका येते.)

अन् तिनं सुरू केलं, टाळी वाजवत, वरच्या पट्टीत, जशी नळावर भांडायची.

साहू भैया टोपी हातात घेऊन उभे. सु. म्हणते, "मावशी असं गायची?" मंग, "आई, द्वारका नाव कोणी ठेवलं होतं?"

म्हटलं, माझ्या आजीनं. बस, मंग सांगते.

शेवटची दोन गाणी अजून उघडत नाहीत. त्यांचा आकडा आणखीच वेगळा म्हणे. साहू भैया पाहून राहिले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मंजुळेकडे. उशी लावून बसवली. टॅब मांडीवर. "द्वारके, लाल टिपका आला का" ऐकलं अन् तिनं टॅबकडे पाहिलं, मंग माझ्याकडे, मंग परत टॅबकडे. कोण बोलून राहिलं असा चेहरा.

पहिलं गाणं झालं. "बरं." दुसरं झालं. "बरं." ओठ हलत होते, आवाज नव्हता.

तिसऱ्या गाण्यात मी एक ओळ गाळते. आजची नाही, लहानपणापासूनची खोड आहे. सासरचं वर्णन येते तिथं माझी जीभ उडी मारते. दर वेळी मंजुळा माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. भरलेल्या गाण्यात पण चापटीचा आवाज आहे, ऐकला तर कळते.

ती ओळ आली. मी टॅबच्या संग गात होती, आजही गाळली. अन् पलंगावरून डावा हात आला अन् माझ्या गुडघ्यावर फाडकन बसला.

"नाही!" म्हणाली.

बरं नाही. नाही. सुनेनं चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, मंजे, परत म्हण. ती म्हणाली, बरं. पण आता काय! निघाला ना एक. आम्ही दोघी हसलो, तिचं अर्धं तोंड हसते, तेवढं पुरे.

रात्री गुडघा लाल होता. व.ले दाखवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

रोज जाऊन राहिली. "नाही" आता मागितलं की येते. सुनेच्या चहाले म्हणाली पहिल्यांदा. सून रडली अन् नवीन चहा केला. आणखी शब्द नाही आला. शिकवणारी पोरगी म्हणते, आस ठेवा, वचन मागू नका.

सु.ने सर्वरची पूजा केली, गेंद्याचं फूल अन् हळदीकुंकू. यादीतली नावं एकदा परत वाचली, ह्या वेळी मले जवळ बसवून. "सांग आई, ह्यातलं आपलं कोणी आहे का?" धमतरीच्या द्वारका प्रसादलेही त्यानं फोन केला म्हणे, उगीच, बरा आहेस ना म्हणून.

ती दोन गाणी बंदच. साहू भैया म्हणतात कदाचित फ़ाइलच बिघडली. कदाचित नाही. त्यातलं एक निरोपाचं, भुलाबाई सासरी जाते ते. ते पूर्ण मंजुळेलेच येते. मले पहिलं कडवं अन् सूर, बस.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

भुलाबाईची बोळवण मंजुळेच्या घरी केली. मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षात गेली, रिक्षावाला म्हणे, "अम्मा, शिव-पारबती?" म्हटलं, हव.

पोट्ट्या सगळ्या आल्या. टॅबवर गाणी, वर पोट्ट्यांचे आवाज, मधात मंजुळा टाळीच्या जागी डाव्या हातानं गादीवर थाप मारून राहिली. खाऊ ओळखायले डब्बा तिच्या कानाशी नेला. नेहमी पहिली तीच ओळखायची. वाजवला. तिनं डोळे मिटले. पोट्ट्या म्हणतात, "आजी, चिवडा?" "नाही." "लड्डू?" "नाही." प्रत्येकीले नाही नाही म्हणत राहिली, तिले माहीत होतं असं मले वाटते, पण सांगता येईना. शेवटी एकीनं चना-लाई म्हटलं, अन् मंजुळा म्हणाली, "बरं!" झाकण उघडलं. चना-लाईच.

मंग गाणी संपली. उघडतात तेवढी सगळी. टॅब चूप. पोट्ट्या खाऊले भिडल्या.

अन् मंजुळेचं चालूच.

मले आधी कळलं नाही. बारीक आवाज, तोंड अर्धं मिटलेलं. बरं बरं बरं, बरं बरं. शब्द सगळे बरं. पण सूर निरोपाचा. जे डब्बा देत नाही, तेच. पहिलं कडवं झालं, दुसऱ्यात गेली, जिथं मले येत नाही तिथं. वळणं सगळी जागेवर.

मी घाईनं टॅब उघडला. चष्मा डोक्यावर अन् मी उशाशी शोधून राहिली. नवीन आवाज भरायचं बटण. कोणाच्या नावानं ठेवायचं, विचारलं. द्वारका.

मंजुळा थांबली. माझ्याकडे पाहून राहिली, भुवया वर करून, जुन्यासारखी.

"आला मंजे," म्हटलं. "लाल टिपका आला."

"बरं," म्हणाली, अन् पहिल्यापासून सुरू केलं.